कळप गेले, वाट राहिली

कोल्हापूरजवळच्या दाजीपूरच्या जंगलाला लोक ‘बायसन अभयारण्य’ म्हणत आले. तिथे राहतो तो मात्र आपला गवा. नावांची अशीच सरमिसळ अमेरिकेतही झाली. युरोपातून आलेल्या वसाहतकारांनी तिथल्या बायसनला ‘बफेलो’ म्हटलं, आणि मुळात म्हशीचं असलेलं ते नाव पुढे जंगलातल्या एका लहानशा पांढऱ्या फुलालाही लागलं. ‘रनिंग बफेलो क्लोव्हर’ हे त्याचं पूर्ण नाव. या तीन शब्दांतच त्याची कुळकथा आहे.

शेवटच्या शब्दापासून सुरुवात करू. क्लोव्हर म्हणजे शेंगावर्गीय कुळातली ट्रायफोलियम ही प्रजाती. प्रत्येक पानाला तीन पर्णिका, म्हणून ट्रायफोलियम. गुरांसाठी बरसीम पेरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे पान ओळखीचं वाटेल, कारण बरसीमही ट्रायफोलियमच. हरभरा, तूर उपटली की मुळांवर नत्राच्या गाठी दिसतात. या रानक्लोव्हरच्या मुळांवर मात्र संशोधकांनी शोधूनही तशा गाठी आढळल्या नाहीत. मूग-मटकीच्या कुळात जन्मूनही त्याचं जगणं थोडं वेगळं आहे.

‘रनिंग’ म्हणजे शाळेच्या पुस्तकातलं ‘धावतं खोड’. हरळीसारखी याची खोडं जमिनीलगत पसरतात आणि पेरापेरांवर मुळं धरतात. शास्त्रीय नाव ‘स्टोलोनिफेरम’ हेच सांगतं. पेनसिल्व्हेनियातले धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री म्यूलेनबर्ग यांनी ते सुचवलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1818 साली एमोस ईटन यांच्या ग्रंथातून ते प्रसिद्ध झालं. ‘बफेलो क्लोव्हर’ नावाची आणखी एक जात त्या भागात आहे, पण तिला धावती खोडं नाहीत. म्हणून ही ‘रनिंग’. बागेतल्या पांढऱ्या क्लोव्हरपासूनही ती वेगळी ओळखता येते. त्याचा फुलाचा दांडा बिनपानांचा असतो, हिच्या दांड्यावर फुलांच्या गेंदाखाली त्रिदली पानांची जोडी असते.

आता ‘बफेलो’. ओहायो, केंटकी, वेस्ट व्हर्जिनिया, इंडियाना, मिझुरी या भागांत बायसनचे कळप खारट झऱ्यांकडे जात-येत. केंटकीतलं ब्लू लिक्स हे असंच एक ठिकाण. पिढ्यानपिढ्या त्याच वाटेने गेल्यामुळे जंगलात रुंद वाटा पडल्या. कळपांच्या खुरांनी आणि चरण्याने झाडोरा विरळ राही आणि जमिनीपर्यंत कवडसे पोचत. या क्लोव्हरला हेच हवं असतं: गच्च सावली नको, रखरखीत ऊनही नको, आणि अधूनमधून जमीन हलवणारं कुणीतरी हवं. त्याच्या बियांचं कवच टणक. ते खरवडलं गेलं की रुजणं सोपं होतं, आणि चरणाऱ्या जनावराच्या पोटातला प्रवास हेच काम करत असावा, असं अभ्यासकांना वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मिसिसिपीच्या पूर्वेकडचे कळप शिकारीने संपले. जंगलं तोडून शेती झाली. वसाहतकारांनी आणलेला पांढरा क्लोव्हर सगळीकडे फोफावला. 1940 नंतर ही वनस्पती कुणाच्या दृष्टीस पडली नाही आणि ती नामशेष झाली असं समजलं गेलं. 1983 साली वेस्ट व्हर्जिनियात ती पुन्हा सापडली. 1987 मध्ये तिला संकटग्रस्त वनस्पती म्हणून कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे 1989 साली सेंट लुईस शहरात आणलेल्या मातीतूनच तिचे अंकुर वर आले.

शोध वाढला तसं एक चित्र स्पष्ट होत गेलं. ती सापडत होती ती पायवाटांच्या कडेला, जुन्या घरांच्या हिरवळीत, चराऊ कुरणांत, दफनभूमीत. वेस्ट व्हर्जिनियातल्या फर्नो प्रायोगिक वनात तर तोडलेले ओंडके ओढत नेण्याच्या वाटांवर तिच्या वसाहती आहेत. कळपांच्या खुरांचं काम आता ओंडके, गुरं आणि गवत कापणारी यंत्रं करत होती.

दुर्मीळ फूल दिसलं की आपला हात आधी कुंपणाकडे जातो. कासच्या पठारावर कुंपण आलं आणि चराई थांबली, तेव्हा त्याचा फुलांवर काय परिणाम होतो यावर आपल्याकडेही वाद झाला. या क्लोव्हरपुरतं उत्तर मिळालं आहे. त्याला एकटं सोडलं तर वरची सावली दाटत जाते आणि ते मरतं. म्हणून त्याची राखण करणारे झाडांची थोडी विरळणी करतात, बेताची चराई चालू ठेवतात, बाहेरून आलेलं तण उपटतात, आणि फुलं येऊन बी पडेपर्यंत गवतावर यंत्र फिरवत नाहीत. वर्षानुवर्षांच्या या कामातून दीडशेहून जास्त ठिकाणी ते आढळू लागलं आणि 2021 साली संकटग्रस्तांच्या यादीतून त्याचं नाव निघालं.

बायसनचे कळप त्या जंगलांत आज नाहीत. त्यांनी नकळत केलेलं काम आता माणसं वेळापत्रक लावून करतात. हे फूल टिकलं ते वाट चालती राहिली म्हणून. कळपांचं नाव त्याच्याकडे आहे, तोवर ही वाट कुणाची होती हे विसरलं जाणार नाही.