वाकडा कणा आणि कॉफीचे डाग

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मावशीकडे गेलो होतो. मावसबहीण तेव्हा बारा वर्षांची. सोफ्यावर पोक काढून मोबाईल बघत बसली होती. मी नेहमीच्या दादागिरीने म्हणालो, "सरळ बस गं जरा, पाठीचं धनुष्य होईल!" धनुष्य आधीच झालं होतं. आम्हाला कुणाला ते दिसलं नव्हतं, एवढंच.

पुढे चार महिन्यांनी एक्स-रे निघाला. कणा एका ठिकाणी अचानक कोपरासारखा वळलेला. डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला आणि तिच्या अंगावरचे दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग मोजायला सुरुवात केली. हे डाग जन्मापासूनचे. आजी म्हणायची, ग्रहण नीट पाळलं नाही म्हणून आले. निदान झालं न्यूरोफायब्रोमॅटोसिस, टाइप १. मज्जातंतूंवर गाठी येण्याचा आजार. सर्जन म्हणाले, ऑपरेशन लागेल, आणि बहुधा एक नाही, दोन. एक पाठीतून, एक पुढून.

दोन का? मला पडलेला प्रश्न हा. आमच्या धंद्यात जुना कोड कळत नसला की आधी त्याची हिस्टरी काढून बघायची असते. मग काही वीकएंड त्यातच गेले. जे सापडलं ते इथे लिहून ठेवतोय.

डब्लिनच्या रॉबर्ट स्मिथने १८४९ साली मज्जातंतूंच्या गाठींवर एक मोठा ग्रंथ लिहिला. पण या गाठी मज्जातंतूंच्या आवरणाशी निगडित आहेत हे मायक्रोस्कोपखाली नीट दाखवलं ते फ्रिडरिश फॉन रेकलिंगहाउझेन या जर्मन पॅथॉलॉजिस्टने, १८८२ साली. त्यामुळे आजाराला बरीच वर्षं त्याचंच नाव होतं. (लंडनचा तो 'एलिफंट मॅन', जोसेफ मेरिक, यालाही हाच आजार होता असं अनेक वर्षं मानलं गेलं. १९८६ साली दोन डॉक्टरांनी तो प्रोटियस सिंड्रोम असावा असं मांडलं. तेव्हा कुणी या आजाराचं नाव ऐकून तो फोटो काढून दाखवत असेल तर कृपया थांबवा.)

गंमत अशी की सगळ्यांचं लक्ष गाठींकडे होतं, हाडांकडे नाही. आपल्यालाही वाटतं, गाठ दाबते म्हणून कणा वाकतो. पण पुष्कळदा वाकलेल्या जागी गाठ नसतेच. हाडच मुळात कच्चं असतं. मज्जारज्जूभोवतीची पिशवी फुगते आणि मणका आतून कुरतडत जाते. बरगड्या पेन्सिलीसारख्या बारीक होतात. नेहमीचा स्कोलिओसिस लांब, गोलसर वळणाचा असतो. इथे मात्र चार ते सहा मणक्यांतच तीव्र वळण येतं, आणि ते झपाट्याने वाढतं.

आता ऑपरेशनची गोष्ट. न्यूयॉर्कचे रसेल हिब्स यांनी १९११ साली मणके एकमेकांना जोडून टाकायची पद्धत सुरू केली. ती होती कण्याच्या टीबीसाठी. १९१४ साली त्यांनी तीच स्कोलिओसिसला वापरली. कल्पना साधी. मणक्यांच्या मागच्या हाडांचे पापुद्रे सोलायचे, ते एकमेकांवर बसवायचे आणि सगळं मिळून एकच हाड होईपर्यंत थांबायचं. कित्येक महिने प्लास्टरमध्ये, अंथरुणावर. १९४१ साली अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या समितीने ४२५ रुग्णांचा हिशोब मांडला, तर जवळजवळ ७० टक्क्यांचा निकाल जेमतेम किंवा वाईट निघाला. हे साध्या स्कोलिओसिसचं. कच्च्या हाडांचं काय होत असेल, विचार करा.

मग आला धातू. ह्यूस्टनमध्ये पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांवर उपचार करताना पॉल हॅरिंग्टन यांनी स्टीलचा रॉड बनवला. दोन टोकांना दोन हुक आणि रॉडवर खाचा. गाडीचा जॅक जसा खाच-खाच वर चढतो तसा कणा ताणायचा. त्यांचा गाजलेला पेपर १९६२ चा. पण या रॉडचा सगळा भार दोन टोकांच्या हुकांवर. कण्याचं हाड चिवट असेल तर ठीक. आमच्या बहिणीसारखं असेल तर हुक निसटणार, किंवा मणके जुळणारच नाहीत आणि रॉड वाकून वाकून तुटणार.

आणखी एक चूक व्हायची, आणि ती जास्त भयंकर. पाय लुळे पडू लागले की सर्जन मणक्याची मागची कमान काढून मज्जारज्जू 'मोकळा' करायचे. वरवर पाहता बरोबर. पण कणा पुढे वाकलेला असताना मज्जारज्जूवर दाब पुढून येत असतो. मागची कमान काढली की दाब तसाच राहतो आणि उरलासुरला आधारही जातो. म्हणजे पोक वाढतं आणि मणके जोडायला मागे हाडही उरत नाही.

इथे मिनेसोटाचे रॉबर्ट विंटर, जॉन मो आणि सहकारी येतात. त्यांनी १९७९ साली अशा १०२ रुग्णांचा अभ्यास छापला. हाडं बिघडलेल्या रुग्णांना पट्ट्याने भागत नाही, वाट बघत बसू नये. कणा पुढेही वाकला असेल तर नुसतं मागून जोडणं टिकत नाही, पुढूनही जोडावं लागतं. छातीतून कण्यापर्यंत पोचायची वाट तोवर तयार होती. हाँगकाँगमध्ये आर्थर हॉजसन यांनी ती १९५० च्या दशकात टीबीच्या रुग्णांसाठी रुळवली होती. माझ्या 'दोन ऑपरेशनं का?' चं उत्तर हे. टीबी, पोलिओ आणि १०२ अनोळखी माणसं, सगळ्यांची थोडीथोडी उधारी.

पुढे मेक्सिकोच्या एदुआर्दो लुके यांनी प्रत्येक मणक्याला तारेने रॉड बांधला, म्हणजे भार वाटला गेला. मग १९८० च्या दशकात फ्रान्सच्या कोत्रेल आणि द्युबुसे यांनी दोन रॉड आणि अनेक हुकांची पद्धत आणली. नंतर स्क्रू आले. १९९० साली जीन सापडला, १७ व्या क्रोमोसोमवर. साधारण ३००० जन्मांत एकाला हा आजार असतो, आणि निम्म्या जणांच्या आईवडिलांपैकी कुणालाच तो नसतो. हे वाचून मी मावशीला मुद्दाम फोन केला. "ग्रहण नाही, तू नाहीस, काका नाहीत. कॉपी करताना झालेली चूक आहे." ती बराच वेळ काही बोलली नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट १९७३ ची, फ्रान्समधली. कणा सरळ करताना मज्जारज्जू दुखावला तर नाही ना, हे कळणार कसं? स्ताग्नारा आणि सहकाऱ्यांनी ऑपरेशन चालू असताना भूल हलकी केली आणि पेशंटला सांगितलं, पायाची बोटं हलव. हलली, की पुन्हा झोपवायचं. आता बहुतेक ठिकाणी मशीन मज्जातंतूंचे सिग्नल सतत मोजत असतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन्ही ऑपरेशनं झाली. दुसऱ्या दिवशी आयसीयूत गेलो, तर तिने काही न बोलता चादरीखाली पायाची बोटं हलवून दाखवली. मीच तिला ती फ्रान्सची गोष्ट सांगितली होती. मला बाहेर येऊन थोडा वेळ जिन्यात बसावं लागलं.

असो. एक काम करा. घरातल्या वाढत्या मुलांना पुढे वाकायला सांगा आणि मागून पाठ बघा, एक बाजू उंच दिसते का. वयात येण्याआधी ५ मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त कॉफीचे डाग असतील तर डॉक्टरांना दाखवा. आणि 'सरळ बस' म्हणण्याआधी एकदा नीट बघा.

मी आता तिला तसं म्हणत नाही. तीच मला म्हणते. लॅपटॉपपुढे पोक काढून बसलेलो असतो ना!