एका भांड्यातला भात : गोव्याचा चोरीस-पुलाव आणि लुईझियानाचा जंबालाया

या पाठाचा उद्देश : रोजच्या जेवणातला एक पदार्थ इतिहासाचे साधन म्हणून कसा वाचायचा, हे पाहणे. पूर्वतयारी काहीही लागत नाही. भूक असेल तर बरे.

१. सुरुवात एका शब्दापासून

मी जयपूरला अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. इथल्या भाजीवाल्याकडे मी सवयीने 'बटाटा' मागतो आणि तो हसून 'आलू' म्हणत तराजूत टाकतो. वस्तू एकच, शब्द दोन. 'बटाटा' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला, आणि तसेच 'पाव' आणि 'काजू'ही आले. ही वस्तू कोकण किनाऱ्याच्या माणसाला कोणत्या वाटेने भेटली, ते शब्दच सांगतो. उलट 'मिरची' पाहा. अमेरिकेतून आलेल्या या तिखट फळाला आपण जुन्या 'मिरी'वरून नाव दिले. म्हणजे पाहुणा नवा, पण त्याला हाक मारली घरातल्याच नावाने. जोधपूरजवळच्या मथानियाची मिरची आणि राजस्थानचे लाल मांस आज एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. पण १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा भारतातल्या एकाही स्वयंपाकघरात मिरची नव्हती.

आता आजचा पदार्थ. गोव्यात 'चोरीस' म्हणजे डुकराच्या मांसाचे, मिरची-लसणाचे, व्हिनेगरमध्ये मुरवलेले लालभडक सॉसेज. दोऱ्याने बांधलेल्या त्याच्या माळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लटकताना दिसतात. पोर्तुगीज 'शोरीसू'चे हे गोव्यातले रूप. ते तांदळाबरोबर एकाच भांड्यात शिजवले की चोरीस-पुलाव होतो. जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, केजन लोक धुरावलेले सॉसेज आणि तांदूळ असेच एका भांड्यात शिजवतात. त्याला 'जंबालाया' म्हणतात. हे दोन पदार्थ एकमेकांसारखे का दिसतात, हा आपला प्रश्न आहे.

२. आधी कृती, मग इतिहास

चार जणांसाठी : २ वाट्या तांदूळ, सुमारे २५० ग्रॅम चोरीस, २ मोठे कांदे, १ टोमॅटो, ३ वाट्या गरम पाणी.

तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा आणि निथळा. चोरिसाचे आवरण काढून आतले मांस जाड बुडाच्या पातेल्यात घाला. हे मांस कच्चे असते, म्हणून अर्धी वाटी जादा पाणी घालून मंद आचेवर ते नीट शिजू द्या. पाणी आटले की चरबी सुटते. वेगळे तेल लागत नाही. त्याच चरबीत कांदा गुलाबी परता, टोमॅटो घाला, मग तांदूळ घालून दोन-तीन मिनिटे हलक्या हाताने परता. गरम पाणी ओता, उकळी आली की झाकण लावा आणि अगदी मंद आचेवर पंधरा मिनिटे ठेवा. आच बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नका. मीठ पाण्याची चव पाहूनच घाला, कारण चोरिसात ते आधीच भरपूर असते.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी कोंबडीचे सॉसेज किंवा मिरची-लसूण-व्हिनेगरच्या वाटणात मुरवलेले मशरूम वापरावेत. तेव्हा तेल मात्र घालावे लागेल. पद्धत तीच.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी एक टीप. भांड्यात पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या आसपास थांबते, पाणी संपताच बूड तापू लागते आणि भात लागतो. म्हणून जाड बूड आणि मंद आच. दुसरे असे, की पाणी दोन कामांत खर्च होते. काही तांदूळ शोषतो, काही वाफ होऊन जाते. तांदूळ दसपट केला तरी वाफ दसपट होत नाही. म्हणून २० वाट्यांना ३० वाट्या पाणी ओतलेत, तर वसतिगृहाला पुलावाऐवजी खिमट मिळेल.

३. चोरीस कशासाठी?

चोरीस म्हणजे मांस टिकवण्याचे तंत्र. मीठ आणि ऊन मांसातले पाणी कमी करतात आणि व्हिनेगर आम्लता वाढवते. दोन्हींमुळे जिवाणूंची वाढ रोखली जाते. पोर्तुगालमध्ये यासाठी वाइन, लसूण आणि सौम्य लाल मिरचीची पूड वापरत. गोव्यात द्राक्षे नव्हती, माड होते. म्हणून माडाच्या ताडीचे व्हिनेगर आले, मिरची वाढली, मसाले आले.

पावसाळ्यात समुद्र खवळला की मासेमारी थांबते. त्याआधी, उन्हाळ्यात, गोव्यातली घरे चार महिन्यांची बेगमी करतात. तिला 'पुरुमेंत' म्हणतात. सुके मासे, मीठ, कोकमसोलांबरोबर कॅथलिक घरांत चोरिसाच्या माळाही भरल्या जात. पुढे गोव्याची माणसे मुंबईला आणि बोटीवर नोकरीला निघाली, तेव्हा हेच टिकाऊ चोरीस त्यांच्या ट्रंकेतून गेले.

४. मिठाचा हुकूम

इथवर ही गोष्ट गोड वाटते. वस्तू आल्या, मिसळल्या, पदार्थ झाला. पण वस्तू आपोआप मिसळत नाहीत. माणसे त्या मिसळतात, कधी आवडीने, कधी धाकाने.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले. १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. बाटलेली माणसे मनाने खरोखर ख्रिस्ती झाली आहेत का, हे तपासणे हे त्याचे मुख्य काम. मन दिसत नाही, म्हणून ताट पाहिले जाई. आयबेरियात ज्यू आणि मुस्लिम घरांतून धर्मांतरित झालेल्यांवर हीच नजर होती. डुकराचे मांस टाळणारा संशयित ठरे.

१७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घरांतल्या अनेक जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. अंगणातली तुळस, धोतर, चोळी, लग्नातली काही गाणी आणि विधी, सगळे त्यात आहे. आणि त्यातच आहे हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवण्यास मनाई. अनंत काकबा प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या गोवा इन्क्विझिशनवरील ग्रंथात हा जाहीरनामा वाचायला मिळतो.

क्षणभर थांबून विचार करा. एक बाई चुलीवर भात ठेवते आहे. तिच्या आईने जसा शिजवला, तसाच. आणि चिमूटभर मीठ नसणे हा गुन्हा ठरतो.

याच काळात जयपूरमध्ये काय चालले होते? १७२७ साली हे शहर वसवणाऱ्या सवाई जयसिंगांना ग्रहगणिताची युरोपीय कोष्टके हवी होती. त्यांनी जेझुइट पाद्री मान्युएल द फिगेरेदो यांच्याबरोबर माणसे गोव्यामार्गे पोर्तुगालला पाठवली. १७२९ साली ती लिस्बनला पोहोचली आणि परत येताना ला हिर या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टके जयपूरला आली. गोव्याच्या ज्या बंदरातून आकाशाचे गणित उत्तरेकडे गेले, त्याच बंदराची सत्ता शेजारच्या घरातल्या भातात मीठ आहे का, ते पाहत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे हा अर्धा इतिहास होईल.

इथे एक सावधगिरी हवी. हुकूम निघाला म्हणून पुलाव जन्मला, असा निष्कर्ष काढू नका. एकानंतर दुसरे घडले म्हणजे पहिल्यामुळे दुसरे घडले, असे होत नाही.

५. समुद्रापलीकडे

जंबालायाच्या मागेही अशीच माणसे आहेत. ब्रिटिशांनी १७५५ पासून आजच्या कॅनडातल्या अकेडिया प्रदेशातून फ्रेंच भाषक शेतकऱ्यांना हुसकावले. त्यांतले बरेच जण पुढे लुईझियानात पोहोचले. तेव्हा तिथे स्पेनची सत्ता होती. 'अकेडियन'चा अपभ्रंश होऊन 'केजन' झाला. पण तिथला तांदूळ त्यांच्याही आधीचा. १७१९ पासून गुलामांची जहाजे पश्चिम आफ्रिकेतून लुईझियानात येऊ लागली. त्या माणसांत भातशेती जाणणारे लोक होते. सेनेगलच्या बाजूला मासे आणि भात एकत्र शिजवण्याची जुनी रीत आहे. त्या 'चेबू जेन' पदार्थाला युनेस्कोने २०२१ साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

गोव्यातही तांदूळ पोर्तुगीजांनी आणला नाही. खाऱ्या पाण्याला बांध घालून आणि झडपेच्या दारांनी भरती-ओहोटी सांभाळून पिकवलेली खाजन शेती त्यांच्या आधीपासूनची. ते बांध गावकरी संस्थेच्या मेहनतीवर उभे होते. पुलावावर नाव युरोपीय सॉसेजचे पडते. भांडे मात्र भरते ते या शेतकऱ्यांच्या तांदळाने.

६. मग हा पदार्थ कोणाचा?

वसतिगृहाच्या जेवणघरात 'हे आपले नाही, बाहेरचे आहे' असे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित बोललाही असाल. पुढच्या वेळी ताटातल्या मिरचीला विचारा, ती कुठली. उलट, 'सगळे किती छान मिसळले' असेही चटकन म्हणू नका. मिठाचा हुकूम आठवा. चोरीस-पुलाव गोव्याचाच आहे, कारण तिथल्या घरांनी परक्या वस्तूला आपल्या माडाची आंबट धार दिली, तिला आपल्या पावसाळ्याशी जोडले आणि १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज सत्ता गेल्यावरही तो पदार्थ ठेवला. आता तो ठेवण्याची सक्ती कोणाचीही नव्हती.

स्वाध्याय

१. तुमच्या घरच्या एका पदार्थातील पाच जिन्नस घ्या. त्यांच्या नावांची व्युत्पत्ती शोधा आणि प्रत्येक जिन्नस कोणत्या वाटेने आला ते नकाशावर दाखवा.

२. तुमच्या भागात कोणते अन्न 'कोण कुठला' हे ओळखण्यासाठी वापरले जाते? त्याचा त्रास कोणाला होतो? एक पान लिहा.

३. वरील पुलाव ४० जणांसाठी करायचा आहे. पाण्याचे प्रमाण केवळ दसपट का चालणार नाही, ते गणित मांडून स्पष्ट करा.