मराठा पलटणीतले आपले पणजोबा : बसऱ्याला गेलेल्या सैनिकांचा माग कसा काढावा

"आमचे पणजोबा बसऱ्याच्या लढाईला गेले होते." रत्नागिरी, सातारा, नगर, पुणे इकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत हे वाक्य ऐकायला मिळते. पुढे विचारले की मात्र सगळे गप्प. कुठल्या पलटणीत होते, कधी गेले, परत आले की तिकडेच राहिले, कोणाला सांगता येत नाही. पेटीत एखादा बिल्ला असतो, फार तर पेन्शनचा फाटका कागद. आम्ही अशा काही घरांसाठी शोध घेतला, त्यातून जे हाती लागले ते इथे एकत्र लिहीत आहोत.

पहिली अडचण पलटणीच्या नावातच आहे. मुंबई इलाख्यातल्या मुसलमानांची स्वतंत्र नावाची पलटण असेल असे समजून लोक शोधायला लागतात आणि तिथेच अडकतात. इंग्रजांच्या लष्करी कागदांत आपल्या लोकांना ‘दख्खनी मुसलमान’ म्हणत, आणि त्यांची भरती मोठ्या प्रमाणात मराठा पलटणींतच होत असे. १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या त्या पलटणी. १९१४ साली अशा पलटणीच्या आठ कंपन्यांपैकी सहा मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या असत. म्हणजे खंदकात उभ्या असलेल्या दर चार शिपायांमागे एक आपला. १९०८ साली फौजेच्या अधिकाऱ्यांसाठी जे हस्तपुस्तक छापले गेले, त्याच्या नावातच ‘मराठे आणि दख्खनी मुसलमान’ असे दोघेही आहेत. पुढे मात्र इतिहास सांगताना दुसरे नाव गळून पडले. दोष कोणाचा, या वादात आम्ही पडत नाही. पण आपणही ते कधी विचारले नाही, हे कबूल करावे लागेल.

पुण्याची सहावी डिव्हिजन हे या सगळ्याचे केंद्र. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या : १०३, ११० आणि ११७. नोव्हेंबर १९१४ मध्ये ही फौज शत-अल-अरबच्या मुखाशी फाव इथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा घेतला. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली, सप्टेंबरअखेर कूत-अल-अमारा हाती आले. मग बगदाद घ्यायच्या हौसेने फौज पुढे सरकली ती सलमान पाकपर्यंत. २२ नोव्हेंबर १९१५ ला तिथे जी लढाई सुरू झाली तिला इंग्रजी कागद ‘टेसिफॉन’ म्हणतात. तुर्क सलमान पाकच म्हणतात, कारण हजरत सलमान फारसी यांचा मजार तिथेच आहे. शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवा.

आता थोडे थांबून त्या शिपायाचा विचार करा. नोव्हेंबर १९१४ मध्ये इस्तंबूलहून खलिफाच्या नावाने जिहादचा फतवा निघाला होता. इकडे हिंदुस्थान सरकारने जाहीर केले होते की अरबस्तान आणि इराकमधल्या पवित्र स्थळांना हात लावला जाणार नाही. समोरच्या खंदकातून तुर्क अजान देत होते. साताऱ्याचा, खेडचा शेख किंवा सय्यद घराण्यातला पोरगा, ज्याने घरच्या गरिबीमुळे नाव नोंदवले, तो सलमान फारसींच्या मजाराजवळ बंदूक घेऊन उभा होता. इतर काही पलटणींत याच कारणावरून बंडे झाली : जानेवारी १९१५ मध्ये रंगूनला, फेब्रुवारीत सिंगापूरला, आणि १९१६ च्या सुरुवातीला खुद्द बसऱ्यात एका रिसाल्याने पुढे जायला नकार दिला. दख्खनी कंपन्या मात्र लढत राहिल्या. मीठ खाल्ले म्हणून, पगारासाठी, की शेजारच्या मराठा गड्याला सोडून जायचे नाही म्हणून? प्रत्येकाचे कारण वेगळे असणार. आम्हाला वाटते, घरात नंतर जी चुप्पी राहिली तिचे मूळ इथे आहे. जे जगून परत आले ते १९१९ नंतर गावोगाव भरणाऱ्या खिलाफतीच्या सभांत परतले. तिथे ‘मी तुर्कांशी लढलो’ असे कोण सांगणार होता?

कूतचे १४७ दिवस

सलमान पाकहून माघार घेत फौज ३ डिसेंबर १९१५ ला कूतमध्ये शिरली आणि ७ तारखेला वेढा पडला. कूत हे तिग्रिस नदीच्या वळणातले गाव, तीन बाजूंना पाणी. चौथ्या बाजूला नदीपासून नदीपर्यंत खंदकांच्या रांगा खणल्या गेल्या. ईशान्य टोकाला मातीच्या भिंतींचा एक किल्ला होता, त्यात १०३ वी पलटण होती. २४ डिसेंबरला तुर्कांनी त्याच किल्ल्यावर मोठा हल्ला चढवला, भिंतीला भगदाड पडले, हातघाईची लढाई झाली आणि हल्ला परतवला गेला. ११० वी नदीच्या पलीकडच्या काठावर एका छोट्या वस्तीत तग धरून होती. जानेवारीत पावसाने नदी फुगली, पुढचा खंदक पाण्याने भरला आणि तो सोडावा लागला. समोर तुर्कांचेही तेच हाल झाले.

खरी लढाई पोटाची होती. धान्य संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले, हिंदुस्थानी शिपायांनी नाकारले. मांस खायला हरकत नाही असे हिंदू आणि मुस्लिम धर्मगुरूंचे निरोप हिंदुस्थानातून बिनतारी यंत्राने मागवले गेले. तरी पुष्कळांनी हात लावला नाही. आपल्यापैकी कोकणातले बहुतेक शाफई, त्यांच्यात घोड्याचे मांस हलाल. घाटावरचे हनफी, त्यांच्यात ते मकरूह. पण कूतमध्ये हा फक्त मसल्याचा प्रश्न नव्हता. गावी कळले तर लोक काय म्हणतील, ही भीती मराठ्यांना होती तशी आपल्यांनाही होती. एप्रिलमध्ये बरेच जण खाऊ लागले. तोवर हिरव्या भाजीअभावी रक्तपितीने हिरड्या सडल्या होत्या आणि रोजचे पीठ काही औंसांवर आले होते. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली, त्यात लढवय्यांबरोबर भिस्ती, स्वयंपाकी आणि खेचरवालेही होते. वाळवंटातून पायी नेताना आणि पुढे रेल्वेच्या कामावर हजारो मेले. तुर्कांनी मुसलमान कैद्यांना बाकीच्यांपासून वेगळे काढले आणि काहींना थोडी बरी वागणूक मिळाली.

बिल्ल्यापासून सुरुवात करा

घरात पदक असेल तर सर्वात आधी त्याची कड बघा. चांदीच्या गोल पदकाच्या कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. तांब्याच्या रंगाची चांदणी असेल तर हीच माहिती तिच्या पाठीवर असते. ही चांदणी फार बोलकी आहे, कारण ती १९१५ संपण्याआधी रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळाली. पलटण १०३, ११० किंवा ११७ असेल आणि चांदणी असेल, तर माणूस कूतमध्ये असण्याची शक्यता मोठी. फक्त गोल पदके असतील तर तो बहुधा १९१६ मध्ये किंवा त्यानंतर गेला, म्हणजे कूतच्या वेढ्यात बहुधा नव्हता. गोल पदक चांदीचे नसून काशाचे असेल, तर पणजोबा फौजेबरोबरचे कामगारही असू शकतात. त्यात कमीपणा काही नाही.

कागदावर ‘तिसरी पलटण, पाचवी मराठा’ असे लिहिलेले असेल तर गोंधळू नका. १९२२ मध्ये सगळ्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले. १०३ ती पहिली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी आणि ११४ दहावी. घरात ‘जंगी पलटण’ असा शब्द चालत आला असेल तर ती १०३, ‘काळी पाचवी’ असेल तर १०५.

माणूस परत आला नसेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. इथेच आमची सर्वात मोठी चूक झाली होती, ती सांगतो. एका घरासाठी आम्ही ‘शेख इब्राहिम’ शोधले, योग्य पलटणीत योग्य वर्षी नाव सापडले आणि उत्साहात त्या घरी कळवून टाकले. घरात फातिहा झाली. आठवड्याने नोंद पुन्हा वाचली तेव्हा वडिलांचे नाव वेगळे निघाले. फोन करून सांगताना जीभ जड झाली होती. तेव्हापासून नियम केला : वडिलांचे नाव आणि गाव, दोन्ही जुळल्याशिवाय घरी काही सांगायचे नाही. या नोंदींत बऱ्याचदा ‘अमक्याचा मुलगा, अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असे दिलेले असते.

नावाने शोधण्यापेक्षा पलटणीने शोधा आणि सगळी नावे डोळ्यांखालून घाला. वेळ लागतो, पण गोऱ्या कारकुनाने ‘शेख’ पाच तऱ्हांनी लिहिलेला असतो. कधी ‘ए-आय’, कधी ‘ई-आय’, शेवटचा ‘एच’ कधी असतो, कधी नसतो. कोकणातली आडनावे तर बहुधा लिहिलेलीच नसतात. परकार, मुकादम, देशमुख शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. गावांचेही तसेच. खेड एक रत्नागिरीत, एक पुण्यात. सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीतच होता, रायगडला कुलाबा म्हणत, सांगलीकडचा बराच मुलूख साताऱ्यात होता. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनची माणसे जंजिरा संस्थानाखाली सापडतात.

अनेकांना वाटते की दिल्लीच्या इंडिया गेटवर नाव असेल. तिथली नावे मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात मेलेल्यांची आहेत. इराकात मेलेल्या आणि कबर नसलेल्यांचे स्मारक बसऱ्याच्या नावाने आहे, आणि तिथली गोष्ट कडू आहे. गोऱ्या शिपायाचे नाव भिंतीवर कोरले गेले. हिंदुस्थानींपैकी फक्त अधिकाऱ्यांची नावे कोरली, साध्या शिपायांचा नुसता आकडा. अशी सुमारे ३३ हजार माणसे आकड्यात गेली. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच अहवाल काढून हा भेदभाव मान्य केला. नावे कागदी नोंदवहीत होती, म्हणूनच आज ती संगणकावर सापडतात.

कैद झालेल्यांसाठी जिनिव्हाच्या रेडक्रॉसने १९१४ ते १९१८ मधल्या युद्धकैद्यांची जुनी पत्रके खुली केली आहेत. पलटणींच्या रोजनिशा लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या वाचून पलटण कुठल्या दिवशी कुठल्या खंदकात होती ते कळते, पण शिपायाचे नाव सापडेल अशी आशा फार धरू नका. गोऱ्या अफसराला नाव, आपल्या माणसांना ‘इतके ठार, इतके जखमी’.

एक शक्यता कोकणवाल्यांनी विसरू नये. ‘लढाईत गेले’ म्हणजे फौजेतच गेले असे नाही. पुष्कळ जण जहाजावर खलाशी होते. त्या युद्धात बुडून मेलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळ, खलाशांच्या जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत आहे. पलटणीत नाव सापडले नाही तर तिकडे जा.

गावातही बघा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, त्यापैकी इतके मेले’ अशा मजकुराचे संगमरवरी फलक काही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत अजून आहेत. सातारजवळच्या अपशिंगे गावातला स्तंभ तर प्रसिद्धच आहे. लढाईनंतर घराण्याला जमीन मिळाली असे कोणी सांगत असेल तर तलाठ्याकडे १९२० च्या आसपासचे जुने फेरफार काढायला सांगा.

आणि पदक सापडले की त्याला चिंच किंवा राख लावून घासायला घेऊ नका. चकाकी येते, पण कडेची अक्षरे झिजतात. कोरड्या कापडाने पुसा, उजेडात तिरके धरून कडेचे चार-पाच फोटो काढा, आणि नंबर वाचता येतो का ते आधी बघा.