रुग्णशय्येवरील मुखशुद्धी

वाग्भटाने अष्टांगहृदयात दंतधावन दिनचर्येत घातले, मात्र ज्वर, श्वास, कास, वमन किंवा अजीर्ण झालेल्यांना दातवण निषिद्ध ठरविले. रुग्णाचे तोंड कसे राखावे हा प्रश्न त्यामुळे आधुनिक रुग्णालयांहून बराच जुना आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य रुग्णालयांत तो विषमज्वराच्या, म्हणजे मुदतीच्या तापाच्या, रुग्णांमुळे निकडीचा झाला. तीन-चार आठवडे न उतरणारा ताप, तोंडाने घेतला जाणारा श्वास आणि आटलेली लाळ यांमुळे दातांवर व ओठांवर अन्नकण, मृत पेशी आणि जंतू यांची काळपट पुटे चढत. परिचारिका बोटाला मऊ फडके गुंडाळून, ते टाकणखार किंवा लिंबाचा रस घातलेल्या ग्लिसरीनमध्ये बुडवून, हिरड्या, जीभ आणि गालांची आतली बाजू हलक्या हाताने पुसून काढीत. लिंबू-ग्लिसरीनची ही रीत विसाव्या शतकातही दीर्घकाळ टिकली, वास्तविक ग्लिसरीन ओलावा शोषून घेते आणि लिंबातील आम्ल दातांचे कवच झिजविते. या कामाची गणना उपचारांत न होता केवळ सुखसोयीत झाली, ही या इतिहासातील सर्वांत महाग पडलेली चूक होय.

१९०० साली विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने अस्वच्छ तोंडाला अनेक रोगांचे मूळ ठरविले, पण त्यातून पुढे सफाईपेक्षा सरसकट दात उपटण्याचीच लाट आली. १९६९ मध्ये जोहानसन आणि सहकाऱ्यांनी दाखविले की, निरोगी माणसाच्या घशात क्वचित आढळणारे ग्राम-ऋण दंडाणू, म्हणजे ग्राम यांच्या रंजनपद्धतीत जांभळा रंग न धरणारे जंतू, गंभीर रुग्णांच्या घशात मात्र वारंवार सापडतात. हेच जंतू लाळेबरोबर श्वासमार्गात उतरले की न्यूमोनिया होऊ शकतो. जपानमधील अकरा वृद्ध-शुश्रूषागृहांत दोन वर्षे चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या योनेयामा यांच्या अभ्यासात, सेवकांनी जेवणानंतर दात घासून दिलेल्या वृद्धांपैकी ११ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, तर अशी निगा न मिळालेल्यांपैकी १९ टक्क्यांना.

दरम्यान अतिदक्षता विभागांत क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक द्रावणाचा वापर रूढ झाला होता. परंतु त्यामुळे मृत्यूचे प्रमाण वाढत असावे अशी शंका २०१४ मध्ये पुढे आली आणि २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने कृत्रिम श्वसनावरील रुग्णांसाठी ते वगळून रोज दात घासण्याचीच शिफारस केली. घशात नळी असलेल्या रुग्णाचे डोके वर उचललेले ठेवून, लहान मुलांच्या मऊ ब्रशाने एकेक दात घासणे आणि सुटलेले पाणी लगोलग शोषक नळीने ओढून घेणे, हे परिचारिकेचे काम आता उपचारांतच मोजले जाते.