गाणं कुणाचं?

आपल्याकडं 'बँड' म्हटलं की आधी वरात डोळ्यांपुढं येते. गुलमंडीच्या गर्दीत वरात अडलेली आहे, लाल डगले घातलेले वादक घामाघूम झालेले आहेत, डोक्यावर दिव्यांची झाडं घेतलेल्या बायका उभ्या आहेत आणि नवरदेवाचे मित्र बँडमास्तरच्या कानाशी जाऊन एकामागून एक फर्माइशी सांगताहेत. मास्तर मान हलवतो आणि ते गाणं वाजवतो. गाणं सिनेमाचं असतं, गाजलेलं असतं, सगळ्यांना पाठ असतं. "मास्तर, तुमची स्वतःची एखादी चाल वाजवा," असं त्याला आजवर कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. यात मास्तरचा कमीपणा नाही. लोकांना हवं ते वाजवणं हा त्याचा धंदाच आहे.

आज मी तुम्हाला एका वेगळ्या बँडची हकिकत सांगणार आहे. हा बँड मुंबईचा, इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम वाजवणारा, इंग्रजीत गाणारा. त्याचं पहिलं नाव 'रॉक मशीन' आणि नंतरचं 'इंडस क्रीड'. तुम्ही म्हणाल, मराठवाड्यातल्या श्रोत्यांना त्याचं काय? पण या मुलांपुढं जो प्रश्न होता, तो वरातीतल्या मास्तरपुढंही आहे आणि आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटार घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरापुढंही आहे. प्रश्न असा, की मी गातो ते गाणं कुणाचं?

रॉक संगीत मूळचं अमेरिकेतलं. तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गायकीतून ते 1950च्या दशकात आकाराला आलं आणि पुढच्या दहा वर्षांत जगभर पसरलं. आपल्या देशात ते रेडिओ, तबकड्या आणि गोव्याच्या वादकांच्या हातून पोहोचलं. 1970 आणि 71 साली एका सिगारेटच्या छापाच्या नावानं 'सिमला बीट' ही देशपातळीवरची बँडस्पर्धा भरली. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्याही निघाल्या. म्हणजे आपल्याकडं रॉक नव्हतं असं नाही. पण त्यातला मोठा भाग उसना होता. परदेशी बँडचं गाणं जसंच्या तसं वाजवायचं, याला त्या जगात 'कव्हर' म्हणतात. गिटारवादकानं मूळ रेकॉर्डमधला तुकडा हुबेहूब काढला की टाळ्या. कॉलेजांच्या महोत्सवांत याच हुबेहूबपणावर बक्षिसं मिळत.

असं का व्हावं? त्याची कारणं साधी होती. चांगलं वाद्य परदेशातून आणायचं तर जबर आयातशुल्क भरावं लागे. देशी गिटारवर भागवावं लागे. ध्वनिमुद्रणाचा सगळा कारभार सिनेसंगीताभोवती उभा होता. हिंदी चित्रपटाबाहेरचं गाणं विकत घेणारा गिऱ्हाईक म्हणजे भजन, गझल किंवा भावगीत ऐकणारा. मुंबईच्या चार पोरांनी इंग्रजीत रचलेलं गाणं कोण घेणार? आणि ज्याला इंग्रजी गाणंच हवं, तो म्हणे, मला अस्सल परदेशी कॅसेट मिळते, तर तुमची नक्कल कशाला घेऊ? म्हणजे परदेशी गाणं वाजवलं तर ती नक्कल आणि स्वतःचं वाजवलं तर ते ऐकायला कुणी नाही, अशी ती कोंडी होती.

1984 साली मुंबईत रॉक मशीन उभा राहिला तो या कोंडीतच. उदय बेनेगल हा गायक, महेश तिनईकर आणि जयेश गांधी हे गिटारवादक, मार्क सेल्विन बास गिटारवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर. पुढं गाजलेला संच तो हा. या नावांकडं जरा बघा. कोकणी वळणाची, गुजराती, पारशी आणि ख्रिस्ती आडनावं एका मंचावर. ही त्या काळची मुंबईच होती.

सुरुवातीला हेही कव्हरच वाजवत. 1986 साली मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा जलसा सुरू झाला. स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरणारा आणि देशभरातल्या रॉक बँडना एका मंचावर आणणारा. धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, पावसाळ्यात चिखल तुडवत पोरं तो ऐकायला येत. रॉक मशीनची कीर्ती अशा मंचांवर वाढली. लोकप्रिय बँड आपल्या यशस्वी वाटेवरच राहतो, कारण फर्माइशी पुरवल्या की टाळ्या हमखास. या मुलांनी ती वाट सोडायचं ठरवलं.

1988 साली सीबीएस कंपनीनं त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला अल्बम काढला. रेनेगेड म्हणजे आपला कळप सोडून गेलेला, फितूर. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वादन त्यांचं. संगीत मात्र अजून त्या काळच्या पाश्चात्त्य हार्ड रॉकच्या वळणाचं होतं. करकरीत गिटार, उंच पट्टीतला आवाज, तारुण्याची मस्ती. नाव बंडखोराचं होतं, पण बंड अजून दुसऱ्याच्या व्याकरणात चाललं होतं. तरीही त्याचं मोल कमी नाही. भारतातला रॉक बँड स्वतःची गाणी रचतो, मोठी कंपनी ती छापते आणि दुकानात ती परदेशी कॅसेटींच्या शेजारी ठेवली जातात, हे नंतरच्या पोरांनी पाहिलं. आपलं गाणं मंचावर म्हणायला लाज वाटू नये, एवढा धीर त्यातून मिळाला.

दुसरा अल्बम 1990चा, 'द सेकंड कमिंग'. त्यात 'टॉप ऑफ द रॉक'सारखं जोशाचं गाणं होतं, तसंच 'प्रिटी चाइल्ड'सारखं संथ आणि हळवं गाणंही होतं. या बँडच्या कामात दोन धागे सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसतात. एक धागा आव्हानाचा, छाती काढून उभं राहण्याचा. दुसरा काळजीचा, आपण उभे आहोत ते जग कसं आहे याकडं पाहण्याचा. पहिल्या अल्बममध्ये पहिला धागा जाड आहे. पुढं दुसरा जाड होत गेला.

1991 साली उपग्रह वाहिन्या आल्या आणि स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही भारतीय घरांत शिरला. गाणं आता ऐकण्याबरोबर बघायचीही गोष्ट झाली. रॉक मशीननं आपल्या गाण्यांचे व्हिडिओ केले. 1993च्या एमटीव्ही पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा मान 'प्रिटी चाइल्ड'ला मिळाला.

याच 1993 साली त्यांनी एक धाडस केलं. नऊ वर्षं कमावलेलं नाव टाकून दिलं. रॉक मशीनचा झाला इंडस क्रीड. इंडस म्हणजे सिंधू, क्रीड म्हणजे श्रद्धा, मत. धंद्याच्या हिशेबानं हे वेडेपणाचं होतं. चालत्या दुकानाची पाटी कुणी बदलतं का? पण नावातली ती 'मशीन' कुठल्याही देशातली असू शकत होती. सिंधू मात्र एकाच भूगोलातून वाहते. आपण कुठले, हे त्यांना गाण्याआधी नावात सांगावंसं वाटलं.

1995 साली 'इंडस क्रीड' याच नावाचा अल्बम आला. आधीची कर्कशता निवली होती, रचना अधिक विचारी झाली होती. 'ट्रॅप्ड' हे त्यातलं एक ठळक गाणं. ट्रॅप्ड म्हणजे सापळ्यात अडकलेला. योगायोग असा, की बँडही तेव्हा सापळ्यातच सापडत होता. त्याच 1995 साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. संगीत बिद्दू यांचं, गाणं हिंदी. ते गल्लोगल्ली वाजलं. देशात हिंदी पॉपची लाट उसळली. वाहिन्यांनाही लवकरच कळून चुकलं, की इंग्रजीत बोलून हा देश हाती लागणार नाही. त्या हिंदीकडं वळल्या, सिनेमाकडं वळल्या. ज्या दारातून इंडस क्रीड घरोघर गेला होता, ते दार मिटत गेलं. 1997 साली बँड फुटला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथं 'आम्स फॉर शांती' हा भारतीय सुरांशी जवळीक असलेला नवा बँड त्यांनी उभारला.

रंगभवनाचीही गत पुढं तीच झाली. आजूबाजूला रुग्णालयं आणि कॉलेज. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी अशा जागांभोवतीचे 100 मीटर शांतता क्षेत्र ठरवले आणि त्यानंतर तिथल्या मोठ्या आवाजाच्या मैफली थांबल्या. रुग्णाला झोप मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण शहरानं त्या तोडीची, खिशाला परवडणारी दुसरी जागा पोरांना दिली नाही, हेही खरं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. गाणं कुणाचं? मला वाटतं, गाण्याचं आपलेपण तीन ठिकाणी असतं: शब्दांत, चालीत आणि भाषेत. वरातीतल्या मास्तरला यातलं काहीच आपलं म्हणता येत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या आंबेडकरी गायन पार्ट्या आठवा. जयंतीच्या रात्री वस्तीत पेटी आणि ढोलकी लागते, आणि गाण्याची चाल पुष्कळदा सिनेमाची असते. पण शब्द त्यांचे स्वतःचे, भाषा स्वतःची, दुःख आणि अभिमानही स्वतःचा. चाल उसनी घेण्यात शहाणपण आहे, कारण ती लोकांना आधीच ठाऊक असते आणि त्यामुळं नवा विचार चटकन कानात शिरतो. रॉक मशीनचं याच्या उलट झालं. शब्द आणि चाल त्यांची, भाषा मात्र मोजक्या लोकांची. गायन पार्टीला कॅसेट कंपनी मिळाली नाही तरी वस्ती मिळाली. रॉक मशीनला कंपनी मिळाली, वाहिनी मिळाली, पण वस्ती मिळाली नाही.

यात इंग्रजीला नावं ठेवण्याचा हेतू नाही. ज्या भाषेत माणूस मित्रांशी भांडतो, त्या भाषेत त्यानं गावं. मुंबईच्या त्या पोरांची ती भाषा इंग्रजी होती, आणि दुसरी भाषा ओढूनताणून आणली असती तर तोही खोटेपणाच ठरला असता. पण इतर वाटाही होत्या. कोलकात्यात 1975 सालीच 'मोहिनेर घोडागुली' या बँडनं बंगालीत गायला सुरुवात केली. 1981 साली तो बंद पडला, तेव्हा त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. पण भाषा लोकांची होती, म्हणून 1990च्या दशकात पुढच्या पिढीनं ती गाणी पुन्हा शोधून काढली आणि आज बंगाली घराघरांत ती म्हटली जातात.

दुसरं उदाहरण दिल्लीच्या 'इंडियन ओशन'चं. त्यांचा बासवादक राहुल राम 1990च्या दशकाच्या पहिल्या निम्म्यात नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होता. आपल्या अक्कलकुव्याचं मणिबेली गाव याच धरणाच्या पाण्यात गेलं. त्या खोऱ्यात लोक नर्मदेला उद्देशून जे गात, त्यातून त्यांचं 'मा रेवा' आलं. 2000 सालच्या 'कंदिसा' अल्बममध्ये ते आहे. गिटार तीच, ड्रम तेच, पण गाण्याच्या पायाला माती लागलेली. 2010 साली याच बँडनं आपल्या नव्या अल्बमची गाणी महिन्याला एक अशी इंटरनेटवर फुकट देऊन टाकली. कंपनीची मर्जी न धरता स्वतःच्या बळावर गाणाऱ्यांना आज 'इंडी' म्हणतात, म्हणजे स्वतंत्र.

त्याच 2010 साली इंडस क्रीडही पुन्हा उभा राहिला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया हे जुने, बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे नवे. 2012 साली 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम आला. अवघी आठ गाणी. त्यांची नावंच बोलकी आहेत: 'फायरफ्लाइज' म्हणजे काजवे, 'डिझॉल्व्ह' म्हणजे विरघळणं, 'गुडबाय' म्हणजे निरोप. ज्या बँडनं पहिल्या अल्बमवर स्वतःला बंडखोर म्हणवून घेतलं होतं, तो चोवीस वर्षांनी काजव्यांविषयी गात होता. आव्हानाचा धागा बारीक झाला होता आणि काळजीचा उरला होता. तोवर देशभर स्वतःची गाणी गाणारे शेकडो बँड तयार झाले होते. 'कव्हर का वाजवत नाही?' हा प्रश्न त्यांना आता फारसा ऐकावा लागत नव्हता. त्या प्रश्नाचा मार रॉक मशीननं आधीच सोसला होता.

मित्रहो, छत्रपती संभाजीनगरच्या कुठल्याही कॉलेजात गॅदरिंगला जा. गिटार घेतलेला एखादा मुलगा मंचावर येतो. गाजलेलं सिनेमाचं गाणं म्हणतो, टाळ्या मिळतात. मग जरा चाचरत म्हणतो, पुढचं गाणं मी स्वतः केलंय. सभागृहात चुळबुळ सुरू होते, मागून फर्माइशीची आरोळी येते. त्या वेळी आपण एवढंच करावं. तीन-चार मिनिटं गप्प बसून त्याचं गाणं ऐकावं. ते कच्चं असेल, बेसूरही असेल. पण ते त्याचं असेल, आणि बहुधा आपल्या भाषेत असेल.