दऱ्या की दर्या?

लिनक्सवर पहिल्यांदा मी ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ टाइप केलं, तर स्क्रीनवर ‘दर्या’! घाटात थेट समुद्र. चूक माझीच, साधा र दाबला होता. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबायचं, मग हलन्त, मग य.

हा कीबोर्ड सरकारने १९८६ मध्ये ठरवला. लिनक्सवर तो देणारी एम१७एन लायब्ररी मात्र जपानी संशोधकांची. २००९ मध्ये फेडोरा ११ने जुनं स्किम काढून आयबस आणलं, तरी भाषांच्या फाइली एम१७एनच्याच राहिल्या. फाइल कसली, साधा टेक्स्ट! कुठल्या कळीला कुठलं अक्षर, एवढंच. हिंदीला आपला ऱ्य लागत नाही, म्हणून मराठीची फाइल वेगळी हवीच. मी ती उघडून ऱ शोधला. होता की!