हसवणारी चौकट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धर्मग्रामाच्या वार्षिक सणाची मिस्सा आटोपली होती, पंगती उठल्या होत्या आणि चर्चच्या मैदानात पांढरा पडदा ताणला होता. युवक मंडळाच्या मुलांनी मोबाईलवर एक विनोदी व्हिडिओ तयार केला होता. त्यातल्या एका दृश्यात चर्चची घंटा वाजवणारे आमचे वृद्ध काका मैदान ओलांडून घंटेकडे निघाले होते. त्यांचा एक पाय लहानपणापासून अधू. मुलांनी त्यांच्या नकळत केवळ पावलांचे जवळून चित्रण केले होते, त्याचा वेग दुप्पट केला होता आणि प्रत्येक पावलाला बदकाच्या ओरडण्याचा आवाज जोडला होता. मैदान हास्याने दणाणून गेले. हसणाऱ्यांत मीही होतो. तिसऱ्या रांगेतील एक खुर्ची रिकामी झाल्याचे माझ्या ध्यानात आले, तेव्हा काका फाटकाबाहेर पडले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे घंटा नेहमीच्याच वेळी झाली. मला मात्र ती ऐकवेना. मिस्सा संपताच मी काकांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. ते शांतपणे म्हणाले, ‘‘पोरं आहेत फादर, त्यांचं काय? पण तुम्ही हसलात, ते मला दिसलं.’’

संध्याकाळी मी मुलांना बोलावले. त्यांनाही वाईट वाटत होते. पण एकाने धीर करून विचारले, ‘‘फादर, चार्ली चॅप्लिनसुद्धा असाच फेंगडा चालतो. त्याला आपण सगळे हसतोच ना? मग फरक काय?’’ त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. पुढे त्या प्रश्नापायी मी जुने मूकपट पुन्हा पाहिले, चित्रपटाच्या इतिहासाची काही पुस्तके चाळली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर होय.

विनोदी चित्रण हे चित्रपटाइतकेच जुने आहे. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्राँ कॅफेमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून आपली हलती चित्रे दाखवली. त्यांत एका माळ्याची लहानशी कथा होती. माळी नळीने बागेला पाणी घालीत आहे. एक व्रात्य पोर मागून येऊन नळीवर पाय देते. पाणी का थांबले म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो. पोर पाय उचलते आणि पाण्याची चिळकांडी थेट माळ्याच्या तोंडावर! सारा प्रकार एका मिनिटाच्या आत संपतो. कॅमेरा एका जागी उभा आहे, तो तसूभरही हलत नाही. तरीही हसवण्याचे पहिले तंत्र येथे सिद्ध झालेले दिसते. पोर माळ्याच्या पाठीमागे आहे. माळ्याला ते दिसत नाही, आपल्याला दिसते. जे पात्राला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, हे विनोदाचे बीज कॅमेऱ्याच्या जागेने पेरले. पुढे पोर पळू लागते, तेव्हा माळी त्याला धरून पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणतो आणि मगच चोप देतो. चौकटीबाहेर दिलेली शिक्षा कोणाला दिसणार? चौकटीचे महत्त्व त्या माळ्यानेही ओळखले होते.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर यांचा जो खेळ झाला, त्यात एक जुनी भिंत पाडण्याचे चित्रण होते. ल्युमिएर यांच्या खेळांत हीच फीत उलटी फिरवून दाखवण्याची प्रथा पडली. धुळीचे लोट जमिनीत शिरत आणि पडलेली भिंत आपोआप उभी राही. कॅमेऱ्याने टिपलेला काळ माणसाला हवा तसा फिरवता येतो, हा शोध त्या भिंतीने लावून दिला.

या शोधाचे शास्त्र बनवले ते जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगाराने. पॅरिसच्या रस्त्यावर चित्रण करीत असता त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला. पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर घोड्यांच्या बसगाडीची एकाएकी शववाहिका झालेली दिसली, अशी आठवण तो सांगत असे. कॅमेरा थांबवायचा, वस्तू बदलायची आणि पुन्हा सुरू करायचा, ही युक्ती त्याने १८९६ पासून शेकडो खेळांत वापरली. १९०१ मध्ये केलेल्या एका प्रहसनात एक रसायनशास्त्रज्ञ स्वतःचेच डोके मेजावर ठेवून भात्याने फुगवतो. डोके भोपळ्यासारखे वाढत जाते. ही करामत कशी साधली? कॅमेरा स्थिर ठेवून मेलिएस उताराच्या रुळांवरील खुर्चीत बसला आणि खुर्ची कॅमेऱ्याच्या जवळ आणली गेली. तो जवळ आला, म्हणून डोके मोठे झाले. हे चित्र त्याच फितीवर दुसऱ्या चित्रासोबत उमटवले. येथे ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, फुगवलेले आणि अखेरीस फुटलेले ते डोके मेलिएसचे स्वतःचेच होते.

आपल्याकडे हीच वाट दादासाहेब फाळके यांनी चोखाळली. तेही जादूचे प्रयोग करीत. त्यासाठी स्वतःचे आडनाव उलटे करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव घेतले होते. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनात भारतीय चित्रपटाची कल्पना उगवली, हा इतिहास आपल्या वाचकांस परिचित असेलच. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी ‘पिठाचे पंजे’ नावाचे छोटे प्रहसनही केले. मात्र हसण्याच्या आपल्या प्रश्नाशी अधिक जवळची आहे ती त्यांची १९१२ मधील ‘अंकुराची वाढ’ ही फीत. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे त्यांनी ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. पडद्यावर ते रोप काही क्षणांत वाढू लागले आणि पाहणारे थक्क झाले. काळ आखडून घेण्याची ही किमया होती. तिने विस्मय निर्माण केला. अमेरिकेत त्याच सुमारास तीच किमया हसू निर्माण करीत होती.

१९१२ मध्ये मॅक सेनेट यांनी कॅलिफोर्नियात कीस्टोन स्टुडिओ सुरू केला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण सोळा चित्रे हा वेग रूढ होता. छायालेखकाने हँडल सावकाश फिरवले की सेकंदाला चित्रे कमी उमटत. तीच फीत पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवली की माणसे तुरुतुरु धावू लागत. कीस्टोनचे पोलीस रस्त्यांवरून पळत, घसरत, मोटारींतून सांडत, आणि प्रेक्षक हसून बेजार होत. आमच्या मुलांनी मोबाईलवर बोट दाबून जे केले, ते हेच.

या युक्तीची दुसरी बाजू मी सेमिनरीत असताना अनुभवली. प्रायश्चित्तकाळात आम्हांला येशूच्या दुःखसहनावरील एक जुना मूकपट दाखवण्यात आला. बोलपट आल्यावर सेकंदाला चोवीस चित्रे हा वेग ठरला आणि प्रक्षेपकही त्याच वेगावर लावलेला होता. परिणामी कालवारीची वाट चालणारी माणसे खेळण्यांसारखी लगबगीने चालू लागली. कोपऱ्यात कोणीतरी फिसकन हसले आणि पाहता पाहता सारा वर्ग तोंडे दाबून हसू लागला. आमच्या प्राध्यापकांनी यंत्र थांबवले, एक शब्दही न बोलता वेगाची कळ खाली केली आणि तीच फीत पुन्हा लावली. आता खोलीत टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. वेग वाढवला की अंत्ययात्राही हास्यास्पद होते. तेव्हा वेगामुळे आलेल्या हसण्यात त्या माणसाचा काही गुण वा दोष नसतो. ते केवळ यंत्राचे कर्तृत्व असते. घंटेवाल्या काकांना आम्ही हसलो, ते यंत्राच्या सांगण्यावरून.

आता चॅप्लिन. १९१४ साली कीस्टोनच्या ज्या चित्रफितीतून त्याचा भटक्या प्रथम लोकांसमोर आला, तिचा विषयच कॅमेरा हा आहे. लहान मुलांच्या गाड्यांची शर्यत चालू आहे, कोणी तिचे चित्रण करीत आहे, आणि हा गृहस्थ पुनःपुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. हाकलला तरी परत येतो. आपली चालण्याची ढब बालपणी लंडनमध्ये पाहिलेल्या एका म्हाताऱ्यावरून घेतली, असे चॅप्लिनने एका मुलाखतीत सांगितले होते. म्हणजे आमच्या मुलाचा प्रश्न आणखीच अवघड झाला! परंतु उत्तरही येथेच आहे. त्या म्हाताऱ्याचे पाय त्याने पडद्यावर आणले नाहीत. ती चाल स्वतःच्या पायांत घेतली आणि स्वतःला हसू दिले.

दुसरे असे की, चॅप्लिनचा कॅमेरा बहुधा त्याला डोक्यापासून पायापर्यंत अखंड दाखवतो. वाकडी पावले दिसतात, त्याच वेळी ऐटीत उचललेली टोपीही दिसते. दारिद्र्य आणि स्वाभिमान एकाच चौकटीत असल्याने आपले हसणे कोरडे राहत नाही. आमच्या मुलांनी मात्र पाय माणसापासून तोडून दाखवले होते.

आपला तर्क चुकवून आपल्यालाच हसायला लावण्यात तर चॅप्लिनचा हातखंडा होता. १९१७ च्या ‘द इमिग्रंट’मध्ये तो जहाजाच्या कठड्यावरून वाकलेला पाठमोरा दिसतो, शरीर गदगदते आहे. बिचाऱ्याला बोट लागली, असे आपण समजतो. तो वळतो, तर हातात गळाला लागलेला मासा! १९२१ च्या ‘द आयडल क्लास’मध्ये मद्यपानापायी पत्नी सोडून गेलेला श्रीमंत नवरा पाठमोरा उभा आहे, खांदे हुंदक्यांनी हलत असावेत असे वाटते. तो वळतो, तेव्हा कळते की तो मद्याचे मिश्रण हलवीत आहे. दोन्ही ठिकाणी कॅमेरा पाठीमागे ठेवणे एवढेच तंत्र. हशा पिकतो तो आपण घाईने केलेल्या निवाड्यावर. १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये मालमोटारीवरून पडलेले लाल निशाण परत देण्यासाठी तो ते हलवीत पुढे चालतो, पाठीमागून कामगारांचा मोर्चा येतो, तो आपल्याला दिसतो, त्याला नाही. १८९५ च्या माळ्याचे बीज येथे वृक्ष झालेले दिसते. चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त १९९५ साली व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तीत ‘मॉडर्न टाइम्स’चा समावेश होता.

चॅप्लिन कॅमेरा अगदी जवळ नेत नसे असे नाही. १९३१ च्या ‘सिटी लाइट्स’च्या अखेरीस, दृष्टी लाभलेली फुलवाली आपल्या उपकारकर्त्याला हाताच्या स्पर्शावरून ओळखते, तेव्हा कॅमेरा त्याच्या चेहऱ्यापाशी जातो. तेथे हसणे थांबलेले असते. माणसाच्या जवळ जायचे ते त्याचे अंतःकरण दिसावे म्हणून, हा विवेक त्याने पाळला.

बस्टर कीटनने दुसऱ्या मार्गाने हीच निष्ठा राखली. युक्त्या त्यालाही अवगत होत्या. १९२१ च्या ‘द प्लेहाउस’मध्ये एकाच चौकटीत नऊ कीटन दिसतात; त्यासाठी छायालेखकाने भिंगापुढे झडपा बसवून तीच फीत नऊ वेळा, अगदी एकसारख्या गतीने हाताने फिरवली. परंतु जिवावरच्या प्रसंगी कीटन युक्ती बाजूला ठेवी. १९२८ च्या ‘स्टीमबोट बिल ज्युनिअर’मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्यावर कोसळते आणि माळ्याच्या उघड्या खिडकीतून तो जसाच्या तसा उभा राहतो. भिंत खरी, जड. मोकळीक काही इंचांचीच. दृश्य एकसंध आहे, मध्ये कोठेही तोड नाही. तोड असती तर आपण म्हटले असते, ‘काहीतरी हातचलाखी असेल.’ कॅमेरा दूर आणि स्थिर असल्यामुळेच आपण आधी श्वास रोखतो आणि मग हसतो.

हॅरॉल्ड लॉइडने याउलट कॅमेऱ्याचा कोन कामाला लावला. १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट!’मध्ये तो उंच इमारतीच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. इमारतीचा तो भाग गच्चीवर उभारलेला होता आणि खाली गाद्या पसरलेला मंच चौकटीबाहेर ठेवला होता. कॅमेऱ्याला दिसत होता तो पलीकडचा खोल रस्ता. तरीही धोका अगदीच खोटा नव्हता. १९१९ मधील एका अपघातात लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी गेली होती. हातमोज्यात कृत्रिम बोटे घालून तो लोंबकळत असे. पण त्या व्यंगाचे त्याने पडद्यावर ना भांडवल केले, ना थट्टा.

शेवटचे तंत्र थांबण्याचे. लिओ मॅकॅरी हे कॅथलिक दिग्दर्शक १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॉरेल आणि हार्डी यांच्या चित्रफितींचे मार्गदर्शक होते. त्यांनी कीस्टोनची धावपळ मंद केली. एकाने दुसऱ्याची टोपी चुरगाळली की दुसरा लगेच मारायला धावत नाही. आधी टोपीकडे पाहतो, मग विचार करतो. जाडा हार्डी तर सावकाश वळून थेट कॅमेऱ्यात पाहतो, जणू आपल्याला साक्षीला बोलावतो. त्या एका नजरेने प्रेक्षक परका राहत नाही, सोबती होतो. याच मॅकॅरी यांनी १९४४ मध्ये ‘गोइंग माय वे’ हा दोन धर्मगुरूंच्या जीवनावरचा चित्रपट केला आणि त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. वृद्ध धर्मगुरूच्या हेकेखोरपणाला आपण त्यात मनसोक्त हसतो, आणि त्याचा मान तसूभरही उणा होत नाही.

हे सारे मी युवक मंडळाच्या बैठकीत सांगितले. म्हटले, ‘‘तुम्ही वापरलेल्या युक्त्या जुन्या आहेत, त्यांत पाप नाही. मेलिएसने डोके फुगवले ते स्वतःचे. भिंत कोसळली ती कीटनच्या स्वतःच्या अंगावर. तुम्ही मात्र ज्याला विचारले नाही, त्याला चौकटीत ओढले.’’ प्रश्न विचारणारा मुलगा काही बोलला नाही.

पुढच्या सणाला पुन्हा पडदा लागला. या खेपेस चार मुले मांडवासाठी एक लांब बाक उचलून नेत होती. कॅमेरा दूर, एका जागी, दृश्य सलग. प्रत्येकजण वेगळ्या दिशेला वळे, बाक दर वेळी गोल फिरून मूळ जागी येई. बाजूला वडाखाली काका खुर्चीत बसलेले. मुलांनी त्यांच्या घरी जाऊन आधी विचारले होते. काका काहीच करीत नव्हते, फक्त पाहत होते. बाक तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यांनी सावकाश मान वळवली आणि थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आम्हा सर्वांकडे, पाहिले.

मैदान पुन्हा दणाणले. मी मागे वळून पाहिले. तिसऱ्या रांगेत काका बसले होते आणि डोळे पुसत हसत होते.